तान्ह्या बाळाच्या यकृतातील रक्तगाठ : शोधावी की वाट पाहावी?

तान्ह्या बाळाच्या यकृतात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बेसुमार वाढून जी गाठ तयार होते, तिला यकृताचा हिमँजिओमा म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते. पहिल्या वर्षात यकृतात आढळणाऱ्या साध्या गाठींमध्ये हिचेच प्रमाण सर्वांत जास्त आहे. बहुतेक बाळांत ती काही महिने वाढते, थांबते आणि उपचाराशिवाय विरून जाते. थोड्या बाळांत मात्र हीच गाठ हृदयावर ताण आणते, थायरॉइडचे संप्रेरक संपवून टाकते किंवा पोट इतके फुगवते की श्वास घेणे कठीण होते. मोठ्या माणसांच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘हिमँजिओमा’ म्हणून जे सहज सापडते, ती वेगळी, बहुधा निरुपद्रवी गोष्ट आहे. बाळांच्या गाठीशी तिची गल्लत करू नये.

एकाच आजाराची ही दोन टोके असल्याने त्याच्याकडे पाहण्याच्या दोन पद्धती पडल्या आहेत. एक म्हणते, आपोआप जाणाऱ्या गोष्टीच्या मागे लागू नये. दुसरी म्हणते, जी थोडी बाळे धोक्यात आहेत ती वेळेत हुडकलीच पाहिजेत. वाशिमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधी गुंतागुंतीचे बाळ म्हटले की अकोला किंवा नागपूर, हाच रस्ता होता. पुढे या दोन्ही पद्धती संवादरूपाने मांडल्या आहेत. एका बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी आहे, दुसऱ्या बाजूला बालरोगतज्ज्ञ. ही विशिष्ट माणसे नाहीत, दोन भूमिका आहेत.

वैद्यकीय अधिकारी : मॅडम, लाल डाग असलेली बाळं आम्ही कायम बघतो. शंभरात चार-पाच बाळांना असा डाग असतोच, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत तो फिका पडतो. त्यासाठी मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या बाईला ऐन सोयाबीन काढणीत मजुरी बुडवून पोटाच्या सोनोग्राफीला पाठवायचं?

बालरोगतज्ज्ञ : एक डाग असेल तर नका पाठवू, सर. दोन-तीन असले आणि बाळ ठणठणीत असलं तरी नका. पाच किंवा त्याहून जास्त असले, तर मात्र पाठवा.

वैद्यकीय अधिकारी : पाचच का? चार का नाहीत?

पाच हा आकडा अनुभवातून आलेला आहे. कातडीवर रक्तगाठी असलेल्या बाळांच्या पोटाची सोनोग्राफी अनेक रुग्णालयांनी मिळून केली आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच किंवा अधिक डाग असलेल्या १५१ बाळांपैकी २४ जणांच्या, म्हणजे सुमारे १६ टक्के बाळांच्या यकृतात गाठी सापडल्या. पाचपेक्षा कमी डाग असलेल्यांत एकाच्याही यकृतात त्या नव्हत्या. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांत हाच उंबरठा ठेवला.

वैद्यकीय अधिकारी : त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्यही सांगा ना. त्या २४ पैकी यकृतासाठी म्हणून औषध किती जणांना लागलं? दोघांना. बाकीच्या २२ घरांत ‘बाळाच्या लिव्हरमध्ये गाठ आहे’ एवढंच वाक्य पोचलं. गावात ‘गाठ’ म्हटलं की लोक काय समजतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

बालरोगतज्ज्ञ : दोघांनाच लागलं, खरं आहे. पण ते दोघे कोण, हे सोनोग्राफी होईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. आणि त्या २२ घरांना नीट सांगणं हे आपलंच काम आहे. घाबरतील म्हणून तपासायचंच नाही, हे पटत नाही.

वैद्यकीय अधिकाऱ्याचा आक्षेप हलका नाही. ज्या तपासणीतून बहुतेकांना नुसती काळजीच मिळते, ती सरसकट करू नये, हा आरोग्यसेवेतला जुना आणि योग्य नियम आहे. तरीही इथे पारडे तपासणीच्या बाजूने झुकते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, बाळाला भूल द्यावी लागत नाही, आणि काही मिनिटांत काम होते. चुकून राहून गेलेल्या बाळाचे नुकसान मात्र भरून येणारे नसते.

डाग ओळखणे आणि मोजणे हा या आजाराच्या शोधातला सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि नेमका तोच राहून जातो. रक्तगाठ जन्मतः बहुधा दिसत नाही, किंवा फिकट ठिपका असतो. दोन-चार आठवड्यांत ती लालभडक आणि उठावदार होते. कातडीत खोल असेल तर निळसर फुगवटा दिसतो, आणि सावळ्या अंगावर तो सहज नजरेतून सुटतो. पापण्यांवर किंवा मानेमागे जन्मापासून असलेला सपाट गुलाबी डाग वेगळा, आणि पाठीवर-कुल्ल्यांवर असणारा निळा-करडा सपाट डागही वेगळा. ते वाढत नाहीत आणि मोजायचेही नसतात. वऱ्हाडातल्या घरांत या सगळ्यांना ‘लासं’ म्हणतात. आईने ग्रहण पाळले नाही, असाही अर्थ लावला जातो. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. मुदतीआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांत आणि मुलींमध्ये या गाठी जास्त दिसतात, एवढे नक्की.

अंगणवाडीतले लसीकरणाचे सत्र पाहिले तर डाग का सुटतात ते कळते. दीड महिन्याचे बाळ टोपडे, झबले आणि दुपट्यात गुंडाळून येते. आई दुपट्याची एक बाजू सारते, डावी मांडी उघडी होते, पेंटाव्हॅलेंटचे इंजेक्शन दिले जाते, बाळ रडते, आई त्याला छातीशी धरते आणि दुपटे पुन्हा गच्च होते. टाळूवरच्या तेलकट केसांखाली, कानामागे, काखेत, लंगोटाच्या आत काय आहे ते कुणी पाहिलेले नसते. ते रोज पाहते ती बाळाला तेल लावून अंघोळ घालणारी आजी. तिला विचारले तर ती न चुकता सांगते, “तीन पाठीवर, एक डोक्यात, एक पोटऱ्यावर. लासं हाये, वाढलं की जाते.”

बालरोगतज्ज्ञ : आशाताई प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातेच. बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. त्यात एकदा झबलं काढून डाग मोजले, तर किती वेळ लागतो?

वैद्यकीय अधिकारी : वेळ दोन मिनिटांचाच आहे, मॅडम, पण आशाताईच्या डोक्यावर अशी दोन-दोन मिनिटांची किती कामं आहेत, ते एकदा मोजा. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या ३० आजारांच्या मूळ यादीत या गाठींचा वेगळा उल्लेखही नाही. मग आम्ही कोणत्या रकान्यात लिहायचं?

बालरोगतज्ज्ञ : रकाना नसेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर हाताने लिहा. ‘लाल उठावदार डाग : सहा’. पुढचा डॉक्टर ते वाचेल.

या वेळापत्रकात एक योग आहे, त्याचा फायदा घेतला पाहिजे. या गाठी पहिल्या पाच-सहा महिन्यांत सर्वांत वेगाने वाढतात. आशाताईच्या सहा भेटी आणि ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी नेमक्या त्याच काळात येतात. नवी यंत्रणा उभारायची गरज नाही.

डागांच्या मोजणीने सगळी बाळे मात्र सापडत नाहीत, कारण यकृतातल्या गाठींचे प्रकार वेगवेगळे आहेत. २००७ पासून त्यांची तीन गटांत विभागणी केली जाते. पहिल्या गटात एकच गाठ असते. ती पोटातच पूर्ण वाढलेली असते, कधी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीतही दिसते, आणि जन्मानंतर झपाट्याने आकसून वर्ष-सव्वा वर्षात बहुतेक नाहीशी होते. अंगावर डाग बहुधा नसतात. दुसऱ्या गटात यकृतभर सुट्या सुट्या गाठी असतात. कातडीवरच्या डागांची जोड असते ती मुख्यतः याच गटाला, आणि पाचाचा नियम याच बाळांसाठी आहे. तिसऱ्या गटात गाठी इतक्या दाटीने वाढतात की निरोगी यकृत जेमतेम उरते. हा प्रकार विरळा आहे आणि सर्वांत धोक्याचा. यातल्या काही बाळांच्या अंगावर एकही डाग नसतो.

वैद्यकीय अधिकारी : म्हणजे सर्वांत वाईट प्रकार तुमच्या मोजणीतून सुटू शकतो. मग आमच्या केंद्रावर तो ओळखायचा कसा?

बालरोगतज्ज्ञ : पोटावरून, श्वासावरून आणि दूध पिण्यावरून. दोन-चार महिन्यांचं बाळ आठवड्यागणिक पोटानं वाढतंय, हातपाय मात्र बारीक होतायत. चार घोट ओढून दम घेतं, कपाळाला घाम येतो. बरगडीखाली हात ठेवला की यकृत बेंबीपर्यंत लागतं.

वैद्यकीय अधिकारी : असं बाळ माझ्याकडे आलं, तर मी ते न्यूमोनिया म्हणूनच बघणार. मिनिटाला पन्नासच्या वर श्वास, छाती आत जातेय, अँटिबायोटिक सुरू.

बालरोगतज्ज्ञ : चूक नाही तुमची, पुस्तक तेच सांगतं. फक्त ताप-खोकला नसताना श्वास जलद असेल, किंवा दुसऱ्यांदा ‘न्यूमोनिया’ झाला असेल, तर पोटावर हात ठेवल्याशिवाय बाळ सोडू नका.

वैद्यकीय अधिकारी : अडचण अशी आहे, मॅडम, की पोट फुगलेलं बाळ पहिल्यांदा माझ्याकडे येतच नाही. आधी घरगुती काढे, मग कुणीतरी जाणता माणूस. शेजारच्या मेळघाटात तर तान्ह्या पोरांच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात.

हे म्हणणे तज्ज्ञाच्या पुस्तकात नसते, पण निदानाला उशीर का होतो त्याचे खरे उत्तर त्यातच आहे. फुगलेल्या पोटावर चटके देणे कोणत्याही बाळाला घातक आहे. यकृत रक्ताने भरलेल्या गाठींनी सुजलेले असेल तेव्हा तर हा चटका दवाखान्यात पोचायचा वेळही खातो आणि जखमेतून जंतूही आत सोडतो.

श्वास का वाढतो, तेही पाहण्यासारखे आहे. या गाठींमध्ये धमनी आणि शीर यांच्यात थेट जोड तयार होतात. रक्त केशवाहिन्यांतून न जाता आडवाटेने परत येते, आणि शरीराला पुरेसे रक्त पोचवण्यासाठी हृदयाला कितीतरी जास्त रक्त फेकावे लागते. हृदय दमते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. तिसऱ्या प्रकारात यकृतच इतके मोठे होते की मूत्रपिंडे, मोठ्या शिरा आणि श्वासपटल दाबले जातात.

थायरॉइडचा धोका याहून छुपा आहे. या गाठीच्या पेशी एक विकर भरपूर प्रमाणात तयार करतात, आणि ते थायरॉइड संप्रेरकाला निष्क्रिय करून टाकते. ही साखळी २००० साली उलगडली. बाळाची थायरॉइड ग्रंथी निरोगी असते, ती जोमाने संप्रेरक बनवते, पण गाठ ते त्याहून वेगाने संपवते. बाळ सुस्त राहते, शौचाला कडक होते, आवाज घोगरा येतो, कावीळ लांबते. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होण्याचा हाच काळ असल्याने उशीर झाल्यास बुद्धीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात केलेली थायरॉइडची तपासणी इथे खोटा दिलासा देते, कारण गाठ तेव्हा वाढलेलीच नसते. यकृतात अनेक गाठी दिसल्या की टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी नव्याने करावीच लागते, आणि गाठी वाढत असतील तर पुन्हा पुन्हा. संप्रेरकाची भरपाई करताना नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट औषध लागू शकते.

निदानाची सुरुवात डॉप्लरसह सोनोग्राफीने होते. गाठींची संख्या, आकार आणि त्यातला रक्तप्रवाह तिच्यात कळतो. चित्र संदिग्ध असेल तर एमआरआय लागतो. त्यासाठी बाळाला झोपवावे लागते आणि तो मोठ्या केंद्रातच होतो. यकृतातली प्रत्येक गाठ हिमँजिओमा नसते, हे इथे विसरून चालत नाही. हेपॅटोब्लास्टोमा हा यकृताचा कर्करोग याच वयात येतो, आणि न्यूरोब्लास्टोमा यकृतात पसरून हुबेहूब असेच मोठे पोट दाखवतो. म्हणून रक्तातले अल्फा-फिटोप्रोटीन तपासतात. ते नवजात बाळात मुळातच खूप जास्त असते आणि पुढच्या महिन्यांत उतरत जाते. त्यामुळे प्रौढांच्या नॉर्मल आकड्याशी तुलना करून पालकांना घाबरवू नये, बाळाच्या वयाच्या आकड्याशीच ताडून पाहावे. सुईने तुकडा काढण्यात रक्तस्रावाचा धोका आहे. चित्र आणि रक्ततपासण्या मिळूनही उत्तर सापडले नाही, तरच तो घेतात.

आता उपचार. इथे दोन्ही भूमिका बऱ्याच जवळ येतात. थोड्या, लहान गाठी आहेत, बाळ पितेय, वजन वाढतेय, हृदय आणि थायरॉइड ठीक आहे, अशा वेळी औषध देत नाहीत. ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. वाट पाहणे हाही उपचारच आहे, फक्त तो तारखा लावून करायचा असतो. गाठी वाढत असतील, हृदयावर ताण असेल, थायरॉइड घसरत असेल किंवा यकृत फार मोठे झाले असेल, तर औषध लगेच सुरू करावे लागते.

ते औषध म्हणजे प्रोप्रानोलोल. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी शोधलेले, रक्तदाबाच्या रुग्णांना अनेक दशके दिले जाणारे आणि स्वस्त. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो येथे त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले की, हृदयाच्या तक्रारीसाठी हे औषध दिलेल्या बाळाची रक्तगाठही मऊ आणि फिकी पडू लागली. २०१५ च्या मोठ्या चाचणीत दर किलो वजनाला दिवसाला ३ मिलिग्रॅम औषध सहा महिने दिलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांच्या कातडीवरच्या गाठी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्या. बिनऔषधी गटात हे प्रमाण ४ टक्के होते. यकृतातल्या अनेक गाठींवरही हेच आता पहिल्या पसंतीचे औषध आहे. त्याआधी महिनोन्महिने स्टेरॉइड आणि इंटरफेरॉन द्यावे लागे. इंटरफेरॉनमुळे काही बाळांचे पाय ताठर, लुळे झाले.

वैद्यकीय अधिकारी : औषध स्वस्त आहे, एवढ्यानं ते गावात सुरक्षित होत नाही. बाळ पाच किलोचं असेल तर दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, तेही दोन-तीन वेळांत वाटून. बाजारात मिळते ती गोळी मोठ्या माणसाची. आई पहाटे कामाला जाते, बाळ आजीजवळ. उपाशीपोटी डोस गेला आणि साखर उतरली तर रात्री दोन वाजता कोण धावणार?

बालरोगतज्ज्ञ : हा तुमचा सर्वांत बरोबर मुद्दा आहे. म्हणूनच सुरुवात दवाखान्यात करायची. आधी हृदयाची तपासणी, कमी मात्रा, पहिल्या डोसनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब. मग हळूहळू मात्रा वाढवायची. गोळी घरी चमच्यात चुरडायची नाही. द्रावण तयार करून, सिरिंजवर खूण करूनच द्यायचं.

वैद्यकीय अधिकारी : आणि आजीला काय सांगायचं?

बालरोगतज्ज्ञ : एकच नियम. आधी दूध, मग औषध. बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा छाती घरघरत असेल, तर त्या वेळचा डोस द्यायचा नाही आणि लगेच विचारायचं. अंगाला गार घाम, थरथर, सुस्ती किंवा आचके दिसले, तर दवाखाना गाठायचा.

हा नियम कागदावर देऊन भागत नाही. औषध प्रत्यक्ष पाजणाऱ्या व्यक्तीला, मग ती आई असो, आजी असो वा मावशी, दवाखान्यातच दोनदा सिरिंज भरायला लावावी. औषध निदान सहा महिने, बऱ्याचदा बाळ वर्षाचे होईपर्यंत चालते आणि हळूहळू कमी करून बंद करतात. लवकर थांबवले तर गाठी पुन्हा वाढू शकतात. कुटुंब कामासाठी बाहेरगावी जाणार असेल, तर ती तारीख विचारूनच औषधाचे वेळापत्रक आखावे लागते. चेहऱ्यावर मोठा डाग असलेल्या बाळात मेंदूच्या रक्तवाहिन्या तपासल्याशिवाय हे औषध सुरू करीत नाहीत. जन्मतः असलेल्या एकट्या गाठीवर त्याचा उपयोग बहुधा होत नाही, कारण तिच्या पेशींची जातच वेगळी आहे. ‘हिमँजिओमा म्हणजे प्रोप्रानोलोल’ हे समीकरण म्हणूनच अर्धवट आहे.

औषधाने हृदय सावरत नसेल, तर मांडीतल्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन रक्ताच्या आडवाटा बुजवतात. एकटी गाठ त्रास देत असेल तर क्वचित शस्त्रक्रिया, आणि काहीच लागू पडले नाही तर यकृत प्रत्यारोपण. प्रोप्रानोलोल आल्यापासून ती वेळ फार थोड्या बाळांवर येते. असे उपचार नागपूर-मुंबईतल्या मोठ्या केंद्रांतच होतात.

वैद्यकीय अधिकारी : एवढं ऐकल्यावर पाचाचा नियम मला मान्य आहे. पण लक्ष ठेवायचं म्हणून दर महिन्याला सोनोग्राफी करायची, हे मान्य नाही. गाठी लहान आणि बाळ बरं असेल, तर वजन, श्वास, पोट मी इथेच पाहीन.

बालरोगतज्ज्ञ : पहिले सहा महिने तरी अंतर कमी ठेवा, सर. त्यानंतर तुम्ही म्हणता तसं.

मतभेद एवढाच उरतो, आणि तो प्रत्येक बाळाच्या परिस्थितीनुसार सोडवता येतो. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले उपचार आणि १०२ क्रमांकाची गाडी मोफत आहे. घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर त्याला एकदा उजेडात, उघड्या अंगाने, डोक्यापासून तळपायापर्यंत पाहावे. पाच किंवा अधिक लाल, उठावदार डाग दिसले, किंवा डाग नसतानाही पोट झपाट्याने मोठे होत असेल, तर पुढच्या लसीच्या तारखेसाठी थांबू नये. त्याच आठवड्यात बाळ डॉक्टरांना दाखवून पोटाच्या सोनोग्राफीबद्दल विचारावे.